रात्री बाहेर दाबून जेवलो, आता सकाळी काय खायचं?

या आठवड्याचं पत्र:

"ताई, आमच्याकडे शनिवारी रात्री बाहेर जेवायला जायचं हे ठरलेलंच आहे, मित्रमंडळी असतात, गप्पा रंगतात, आणि मग स्टार्टर, चीज, क्रीमवालं काहीतरी, शेवटी डेझर्ट, कधी दोन ग्लास वाइन, असं होत होत घरी यायला साडेअकरा वाजतात. रविवारी सकाळी उठले की पोट जड, तोंड कोरडं, बोटातली अंगठी घट्ट आणि आंबट ढेकर. वजनकाट्यावर उभी राहिले तर चक्क १.४ किलो जास्त! मग मला इतकं गिल्टी वाटतं की मी सकाळी फक्त ब्लॅक कॉफी घेते, किंवा हिरवा ज्यूस करून पिते, आणि दुपारी एक वाजला की समोर येईल त्यावर तुटून पडते. नवऱ्याला मात्र रविवार म्हणजे पॅनकेकच लागतात, आणि आठ वर्षांच्या मुलाला सकाळी आठलाच भूक लागते. रात्रीचं उरलेलं पॅक करून आणलेलं असतं तेही फ्रिजमधून बघत असतं. ब्रेकफास्ट स्किप करू का? हलकं म्हणजे नक्की काय खाऊ? आणि तिघांसाठी तीन वेगळे पदार्थ करायची माझ्यात ताकद नसते हो."

ताई, आधी तो काटा बाजूला ठेवा, कारण तुमच्या अख्ख्या रविवारचा मूड तोच बिघडवतोय. हिशोब सांगते. शरीरात १ किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे १.४ किलोला जवळपास १०,८०० कॅलरी, त्याही तुम्ही रोज खर्च करता त्याच्या वर. एका जेवणात कितीही क्रीम आणि चीज असलं तरी कुणी एवढं खाऊ शकत नाही. मग काट्यावर दिसतंय ते काय? बरंचसं पाणी आहे. हॉटेलच्या जेवणात मीठ भरपूर असतं, सॉसमध्ये असतं, चीजमध्ये असतं, ब्रेडमध्ये सुद्धा असतं, आणि शरीर ते मीठ विरळ ठेवायला पाणी धरून ठेवतं, साधारण ९ ग्रॅम मिठाला एक लिटर या प्रमाणात. म्हणजे रोजच्यापेक्षा ४-५ ग्रॅम मीठ जास्त गेलं की अर्धा लिटर पाणी तिथेच अडकलं, अंगठी घट्ट होते ती त्यामुळेच. त्यात ब्रेड, पास्ता, गोड यातली साखर ग्लायकोजेन म्हणून साठते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी घेऊन बसतं. वर रात्री उशिरा खाल्लेलं अन्न अजून आतड्यात आहेच, त्याचंही वजन होणारच ना. शरीर हे सगळं एक-दोन दिवसांत आपोआप निस्तरतं. तुम्हाला वजन बघायचंच असेल तर बुधवारी बघा, रविवारी नको.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण तुमच्या पत्रातला खरा त्रास मला पोटाचा कमी आणि गिल्टचा जास्त वाटला. तुम्ही रविवारचा ब्रेकफास्ट शनिवारच्या जेवणाचं प्रायश्चित्त म्हणून करताय. कॉफीवर राहायचं, मन मारायचं, आणि एक वाजता सपाटून भूक लागली की भांडंच समोर ओढायचं. मग परत गिल्ट, रात्री परत कमी खाणं. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं या चक्रात अडकल्यात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मित्रांबरोबर हसत जेवणं ही काही चूक नाहीये, तिची शिक्षा कशाला भोगायची? सकाळचं खाणं हे फक्त त्या सकाळचं खाणं आहे, पोटाला आत्ता काय झेपेल आणि दुपारपर्यंत काय टिकेल एवढंच बघायचं.

आता स्किप करू का, याचं उत्तर. भूक नसेल तर उठल्या उठल्या खायची अजिबात गरज नाही. फॅट जास्त असलेलं जेवण पोटातून हळू पुढे सरकतं, साधं जेवण चारेक तासांत पोट सोडत असेल तर तेलकट, चीजवालं त्याहून जास्त वेळ रेंगाळतं, आणि तुम्ही साडेअकराला घरी येऊन लगेच आडव्या होत असणार, म्हणून तो आंबटपणा. दुसरं म्हणजे जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की साधारण दर दीड-दोन तासांनी त्यात एक साफसफाईची लाट येते, उरलंसुरलं पुढे ढकलते. पोट गुरगुरतं ते बरेचदा यामुळेही. पण तोंडात काही टाकलं की ही लाट थांबते. म्हणून सकाळी सातला एक बिस्किट, साडेसातला मुलाच्या ताटलीतला तुकडा, आठला दूध घालून कॉफी, असं चरत राहण्यापेक्षा नऊ-साडेनऊपर्यंत थांबून एकदाच नीट बसून खाल्लेलं चांगलं. थांबायचं म्हणजे पोटात कावळे ओरडेपर्यंत ताणायचं नाही हं, पहिली खरी भूक जाणवली की खायचं. आणि घरात कुणाला डायबेटिस असेल, इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी जेवण लांबवायचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

उठल्यावर एक-दोन ग्लास साधं पाणी प्या, घोट घोट. वाइन घेतली असेल तर आणखी गरज, कारण शरीरात पाणी राखणारं जे हार्मोन असतं ते दारूमुळे दबतं आणि रात्रभर लघवी जास्त होते, तोंड कोरडं पडतं ते त्यामुळे. आता गंमत अशी की मिठामुळे अंगात पाणी साठलेलं असतं तरी पाणी प्यायचंच, ते जादा मीठ किडनीला बाहेर काढायला पाणी लागतंच. पण एकदम दोन लिटर ढोसू नका, जड पोट आणखी तडस लागल्यासारखं होतं. मग पंधरा-वीस मिनिटं चालून या, जमलं तर मुलालाही न्या. धावणं, जिम, पोटाचे व्यायाम नकोत, नुसतं चाला, गॅस सुटतो आणि डोकंही जरा जागेवर येतं.

कॉफीवर माझा राग नाही, मलाही लागते. फक्त आंबट ढेकर येत असताना रिकाम्या पोटी ब्लॅक कॉफी म्हणजे जळजळीला आमंत्रण, कॉफीने पोटातलं ॲसिड वाढतं. ती खाण्याबरोबर किंवा खाल्ल्यानंतर घ्या, एकच कप. कॉफीने आतड्यांना चालना मिळते, बऱ्याच जणांचं पोट साफ व्हायला मदत होते, तोही फायदा खाल्ल्यावर घेतली तरी मिळतो. आणि पोट फारच बिनसलं असेल त्या दिवशी आल्याचे चार काप पाण्यात पाच मिनिटं उकळून, गाळून प्या, आल्याने जठर जरा लवकर रिकामं होतं आणि मळमळही बसते.

हिरवा ज्यूस मात्र सोडा. म्हणजे आवडत असेल तर प्या, पण शरीर "साफ" करायला म्हणून नको, ते काम लिव्हर आणि किडनी चोवीस तास करतातच, त्यांना ज्यूसची गरज नाही. उलट गाळलेल्या ज्यूसमध्ये फायबर निघून जातं, प्रोटीन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तासाभरात पोट रिकामं. एक वाजता तुम्ही तुटून पडता त्याचं अर्धं कारण हेच आहे. त्याऐवजी ते फळ चावून खा.

हलकं म्हणजे काय हे तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हलकं म्हणजे थोडंसं, किंवा हलकं म्हणजे कच्चं सॅलड असा समज फार पसरलाय. सकाळी जड पोटावर वाटीभर कच्चा कोबी किंवा कोंड्याचं सिरीयल टाकून बघा, दुपारपर्यंत पोट फुगलेलं. एरवी फायबर चांगलंच, मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तरी मिळावं, पण ते दिवसभरात वाटून, एका बैठकीत नाही. माझ्या मते हलकं म्हणजे तेल-तूप-बटर कमी, मीठ कमी, ओलसर आणि मऊ, आणि तरीही थोडं प्रोटीन असलेलं. हे शेवटचं विसरू नका, कारण दुपारपर्यंत तग धरायचा तो त्याच्या जोरावर.

सगळ्यात सोपं आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे अंडं आणि टोस्ट. फोडणी नाही, चीज नाही, काही नाही. पाणी खळखळ उकळू द्या, अंडी चमच्याने अलगद आत सोडा, गॅस मध्यम करा, सात मिनिटं घड्याळ लावून ठेवा, मग लगेच गार पाण्यात. पांढरं घट्ट आणि पिवळं मधासारखं दाट राहतं, ते टोस्टवर फोडलं की बटर लागतच नाही, पिवळाच बटरचं काम करतो. मुलासाठी दहा-अकरा मिनिटं ठेवा, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना अंडं पूर्ण शिजवूनच द्यावं. एका मोठ्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन आणि ७० कॅलरी, दोन अंडी आणि एक टोस्ट खाल्लंत तर एक-दीड वाजेपर्यंत आरामात जाल. स्क्रॅम्बल्ड आवडत असेल तर तेही चालेल, चमचाभर बटर पुरे, पण आच अगदी मंद ठेवा आणि अंडं जरा ओलसर असतानाच पॅन खाली उतरवा, मोठ्या आचेवर अंड्यातलं पाणी पिळून निघतं आणि रबरासारखं होतं, मग माणूस ते खाववत नाही म्हणून वर चीज किसतो आणि हलकेपणा तिथेच संपतो. मीठ अंड्यात घालू नका, टेबलावर ठेवा, ज्याने त्याने वरून चिमूटभर घ्यावं. जीभ आदल्या रात्रीच्या खारट जेवणाला सरावलेली असते त्यामुळे पहिले दोन घास सपक लागतील, तिसऱ्याला चव लागते. मिरपूड मात्र जळजळ असेल त्या दिवशी जरा बेतानेच.

अंडं नको वाटेल अशी सकाळ असेल, काही वेळा वासही नको होतो मला माहितीये, तर ओट्स करा. माणशी ४० ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा कप, त्याला एक कप पाणी आणि वरून थोडं दूध, पाच-सात मिनिटं ढवळत शिजवायचे, चमच्यावरून ओघळतील इतके पातळ ठेवायचे, गार झाले की घट्ट होतातच. आदल्या रात्री क्रीम जास्त झालं असेल आणि तुम्हाला दुधाने गॅस होत असेल तर नुसत्या पाण्यात करा आणि वर केळं कुस्करून घाला, गोडी तिथूनच येते, साखरेची गरज पडत नाही. केळ्याचं मी जरा जास्तच कौतुक करते पण त्याला कारण आहे, एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि पोटॅशियम जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला किडनीला मदत करतं. केळं खाल्लं आणि सूज उतरली असं तासाभरात नाही होत, पण खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी फळं, साधं दही, उकडलेला बटाटा असं काही पोटात गेलं तर त्याचा उपयोग होतो. संत्रं, मोसंबी, अननस असली आंबट फळं जळजळ असताना नकोत, नाशपाती, खरबूज, गोड सफरचंद घ्या. किवी सोसत असेल तर पोट साफ व्हायला छान.

तिसरा पर्याय म्हणजे दही. साधं, बिनसाखरेचं, माणशी एक वाटी, त्यात फळाचे तुकडे आणि मूठभर भिजवलेले ओट्स. ज्या दिवशी गॅस पेटवायचाही कंटाळा येतो त्या दिवसासाठी हे ठेवा. पाणी निथळवलेलं घट्ट दही असेल तर प्रोटीन साध्या दह्याच्या जवळपास दुप्पट मिळतं, म्हणून मी शनिवारी संध्याकाळी बाहेर पडायच्या आधी गाळणीत कापड घालून दही निथळत फ्रिजमध्ये ठेवते, पाच मिनिटांचं काम आहे आणि सकाळी ते बघून इतकं हायसं वाटतं! ओट्सही तेव्हाच भिजवून ठेवा. खरं सांगते, रविवारच्या सकाळी माणसाकडे निर्णय घ्यायची शक्तीच नसते, झोप नीट झालेली नसते, त्यामुळे जे समोर तयार असेल तेच खाल्लं जातं, म्हणून शनिवारच्या पाच वाजताच्या तुम्ही रविवारच्या तुम्हाला एवढी मदत करून ठेवा.

उरलेल्या डब्याबद्दल. तो ब्रेकफास्टला नको, दुपारी काढा, आणि तोही एका अटीवर. अन्न टेबलावर, मग गप्पांमध्ये, मग गाडीत असं मिळून दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं असेल तर जीव कितीही कळवळला तरी टाकून द्या. तुमच्या गप्पा रंगतात म्हणालात म्हणून मला काळजी वाटते, कारण पहिला स्टार्टर साडेआठला आला आणि घरी यायला साडेअकरा, म्हणजे त्या स्टार्टरचे तीन तास झालेच की. वेळेत फ्रिजमध्ये गेलं असेल, फ्रिज ५ अंशांच्या खाली असेल, तर दुसऱ्या दिवशी आतपर्यंत वाफ येईस्तोवर गरम करा, ७५ अंश तरी, कडेने कोमट आणि मधे गार असं नको. भाताच्या बाबतीत जास्त कडक राहा, बाहेर राहिलेल्या भातात एक जीवाणू वाढतो आणि त्याचं विष परत गरम करूनही जात नाही. एकदा आमच्या घरी तिघंजण एका उरलेल्या भातावरून आडवे झाले होते, तेव्हापासून मी याबाबतीत हात सैल सोडत नाही.

एक गोष्ट मात्र मी ब्रेकफास्टवर ढकलणार नाही. छातीत दाब येऊन हात किंवा जबड्याकडे कळ जात असेल, तेलकट जेवणानंतर उजवीकडे बरगडीखाली तासन् तास दुखत असेल, उलटीत रक्त किंवा काळी शी असं काही असेल तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि ही जळजळ शनिवारपुरती नसून आठवड्यात दोन-दोनदा होत असेल तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच. तोपर्यंत शनिवारी एवढं करून बघा, टेबल दीड तास आधीचं बुक करा म्हणजे जेवण आणि झोप यात दोन-तीन तास मिळतील, आणि झोपताना डाव्या कुशीवर झोपा, त्या कुशीवर ॲसिड वर यायचं प्रमाण कमी असतं. मला वाटतं तुमचा निम्मा रविवार इथेच सुटेल.

आता तिघांचे तीन पदार्थ. मुलाला आठ वाजता थांबवू नका, त्याने रात्री तुमच्यासारखं खाल्लेलं नसतं, त्याची भूक खरी आहे. त्याला भिजवलेले ओट्स, दूध आणि केळं वाढून द्या, शेजारी पाण्याचा ग्लास घेऊन बसा, साडेनऊला तुम्ही तेच ओट्स खाल. आणि पॅनकेकवाल्यांना नाही म्हणायची गरज नाही, रविवार त्यांचाही आहे, फक्त मैदा-बटर-सिरपवाले दुपारी चारच्या कॉफीबरोबर करा, तोवर सगळ्यांचं पोट मोकळं झालेलं असतं आणि ते मजेने खाल्लेही जातात. सकाळीच हवे असा हट्टच असेल तर एक चांगलं पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं, काट्याने पार लगदा करा, त्यात दोन अंडी फेटा, मिक्सरमधून काढलेले ओट्स दोन-तीन चमचे घाला, पाच मिनिटं तसंच ठेवा. नॉनस्टिक पॅनला तेलाचा नुसता हात फिरवा, आच मंद, आणि तळहाताहून लहान घाला, कडा सुटून वरचा ओलसरपणा गेला की मगच उलटा, मोठे घातले की मधून मोडतात. एवढ्यात दोघांचं भागतं, तुम्हीही त्यातलेच दोन खा, वर दह्याचा एक चमचा. नवऱ्याला सांगा केळं तुम्ही कुस्करा, म्हणजे तेवढ्या वेळात तुमचं चालून येणं होईल.